१८० रुपयांची निळी केबल, दोन काटे आणि एक उणे पावती

आधी निकाल सांगते, मग कहाणी. पुण्यात तपकीर गल्लीत १८० रुपयांना मिळालेली ही निळी, आरपार दिसणारी यूएसबी-टू-सिरियल केबल चांगली आहे. एका संगणकाला एकच लावायची असेल तर बिनधास्त घ्या. दोन लावायच्या असतील तर आधी हे पूर्ण वाचा, कारण माझ्यावर भर हंगामात, ट्रॉल्यांच्या रांगेसमोर खाली मान घालून उभं राहायची वेळ आली होती.

आमचं काम वजनकाटे दुरुस्तीचं. कराडजवळ दुकान आहे. अण्णांकडे वैध मापनचा दुरुस्ती परवाना, माझ्याकडे इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा. लोडसेल, जंक्शन बॉक्स, वायरिंग हे अण्णांचं, आणि इंडिकेटरच्या, म्हणजे वजनाचा आकडा दाखवणाऱ्या डब्याच्या, पुढे जे काही येतं, म्हणजे संगणक, प्रिंटर, पावती, ते माझं. भुईकाट्याच्या इंडिकेटरला मागे नऊ पिनांचं सिरियल पोर्ट असतं आणि त्यातून सेकंदाला काही वेळा वजन बाहेर पडत राहतं. संगणकाला मात्र हल्ली ते पोर्टच नसतं, किंवा असलं तरी वीज पडून मेलेलं असतं. म्हणून ही केबल लागते.

वस्तू कशी आहे ते आधी. वायर हातभर, जेमतेम ८० सेंटिमीटर. टोकाची निळी टोपी पारदर्शक, त्यामुळे आतली सीएच३४० चिप आणि शेजारचा क्रिस्टल दिसतो, आणि हे मला फार आवडतं. काय विकत घेतोय ते कळतं तरी. दिवा नाही, म्हणजे डेटा येतोय की नाही हे बघून समजत नाही. नऊ पिनांच्या बाजूंना षटकोनी नट आहेत. समोरच्या वायरलाही नटच असतील तर आवळायला काहीच उरत नाही, पक्कड घेऊन एका बाजूचे काढावे लागतात. पाठवायच्या पिनवर मल्टिमीटर लावला तर उणे साडेपाच व्होल्टच्या आसपास दाखवतो. आरएस-२३२ मध्ये, म्हणजे सिरियल पोर्टच्या ठरलेल्या मानकात, पाठवणाऱ्यानं किमान पाच द्यायचे आणि घेणाऱ्यानं तीनवर ओळखायचं असा हिशेब आहे, तेव्हा काठावर पास. पंधरा-वीस फुटांच्या वायरवर मला त्रास झाला नाही.

आता खरा मुद्दा. या केबलचं बरंवाईट वायरवर किंवा प्लास्टिकवर ठरत नाही. ती संगणकाच्या कर्नेलपुढे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यापुढे, स्वतःचं नाव काय सांगते, आणि त्या नावावरून कर्नेल तिला कुणाच्या हवाली करतो, यावर ठरतं.

दोन वर्षांपूर्वीचा नोव्हेंबर. तासाभराच्या अंतरावरचा एक साखर कारखाना, नाव नको. परतीच्या पावसात वीज पडली, इंडिकेटर वाचला, संगणकाचं सिरियल पोर्ट गेलं. त्यांनी त्याच उन्हाळ्यात काट्याचे संगणक विंडोजऐवजी लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर नेले होते. रात्री अकराला फोन आला. मी ही केबल घेऊन पोचले तेव्हा ट्रॉल्यांची रांग पार रस्त्यापर्यंत होती आणि काट्यावरचे मामा वजनं वहीत हातानं लिहीत होते.

केबल लावली. प्रोग्राम म्हणाला, पोर्ट नाही.

मामा म्हणाले, "ताई, केबलच बोगस दिसतीय. एकशे ऐंशीला काय येणार?"

मलाही क्षणभर तसंच वाटलं. मग डी-मेसेज कमांड मारून कर्नेलची डायरी उघडली. तिथे चक्क लिहिलं होतं की सीएच३४१ कन्व्हर्टर टीटीवाय-यूएसबी-शून्य या पोर्टला जोडला गेला आहे. (चिप ३४० आणि ड्रायव्हरचं, म्हणजे ती चिप चालवणाऱ्या प्रोग्रामचं, नाव ३४१, याची सवय करून घ्या.) त्याच्याच खालची ओळ: इंटरफेस शून्य सीएच३४१ कडे असताना 'बीआरएलटीटीवाय' कॉन्फिगरेशन लावतोय. आणि तिच्या खाली: कन्व्हर्टर तुटला. सगळं दोन-तीन सेकंदांत. म्हणजे पोर्ट उगवलं होतं, आणि कुणीतरी ते हिसकावून नेलं होतं.

हे समजायला कर्नेलमधली नोंद कशी होते ते माहीत हवं. मामांना मी जसं सांगितलं तसंच इथे सांगते, कारण त्यांच्या कारखान्यातच त्याची नक्कल रोज चालते.

कारखान्यात ऊस आपोआप येत नाही. शेतकरी गट ऑफिसला ऊसनोंद करतो: गट नंबर, जात, लागणीची तारीख. दुसरीकडे तोडणी टोळ्या येतात, त्यांचीही नोंद होते. गट ऑफिसकडे दोन वह्या. नवी नोंद आली की टोळ्यांची वही चाळायची. नवी टोळी आली की नोंदींची वही चाळायची. आधी कोण आलं यानं फरक पडत नाही, गाठ पडतेच. लिनक्स कर्नेलमध्ये गट ऑफिसच्या जागी 'बस' असते. यूएसबीची एक, पीसीआयची एक, अशा वेगवेगळ्या. प्रत्येक बसकडे उपकरणांची एक यादी आणि ड्रायव्हरांची एक यादी. ही व्यवस्था २००३ च्या डिसेंबरात आलेल्या २.६ आवृत्तीपासूनची आहे, आणि तिचा सगळा पसारा 'सिस' नावाच्या फोल्डरात फायलींसारखा उघडून बघता येतो. मला कर्नेलची हीच गोष्ट सगळ्यात जास्त आवडते. काही लपवलेलं नाही.

केबल खोचली की हब कळवतो, कुणीतरी आलंय. कर्नेल तिला एक पत्ता देतो आणि तिचा दाखला मागतो. हा दाखला १८ बाइटांचा. त्यात दोन आकडे महत्त्वाचे, कंपनीचा आणि मालाचा. या केबलचे १ए८६ आणि ७५२३. एलएस-यूएसबी कमांड दिली की कोलन घालून दिसतात ते हेच. एवढ्यावर नोंद होते. सीएच३४१ ड्रायव्हर त्या वेळी मेमरीत नसला तर कर्नेल बाहेर दवंडी पिटतो, अमुक आकड्यांचं उपकरण आलंय हो. यूडेव्ह नावाचा प्रोग्राम ती ऐकतो आणि एका तयार यादीत बघून योग्य ड्रायव्हरचं मॉड्यूल आत आणतो. ही यादी ड्रायव्हर लिहिणाऱ्यांनी आपापल्या फायलीत जे आकडे लिहून ठेवलेले असतात त्यांवरूनच बनलेली असते. सीएच३४१ ची ती फाइल मी वाचली आहे. डोक्यावर २००७ साल आहे, आणि आकड्यांच्या जोड्या हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्याच. एफटीडीआय या दुसऱ्या चिप कंपनीच्या ड्रायव्हरमध्ये अशा जोड्या शेकड्यांनी आहेत, कारण त्यांची चिप आपल्या यंत्रात घालून स्वतःचा आकडा लावणारे कारखानदार जगभर आहेत.

आकडे जुळले म्हणजे काम झालं असं नाही. टोळीचा मुकादम आधी फडावर जाऊन बघतो: रस्ता आहे का, पाणी उतरलंय का. ड्रायव्हरही तेच करतो, त्याला 'प्रोब' म्हणतात. चिपला दोन-चार प्रश्न विचारतो, उत्तर नीट आलं तर शून्य परत देतो आणि उपकरण त्याचं होतं. नाही तर "हे माझं नव्हे" म्हणून सोडून देतो आणि कर्नेल पुढच्याला विचारतो. "वाट अजून झाली नाही, नंतर बोलवा" असंही एक उत्तर आहे. २०१२ पासून कर्नेल अशांना बाजूला बसवून ठेवतो आणि दुसरं कुणी जागेवर लागलं की परत विचारतो. ते केबलच्या भानगडीत येत नाही, छोट्या बोर्डांवर जास्त येतं.

प्रोब झाला, सिरियल पोर्ट तयार झालं, टीटीवाय-यूएसबी-शून्य हे नाव मिळालं. मग हिसकावलं कुणी?

बीआरएलटीटीवाय हा अंध माणसांच्या ब्रेल डिस्प्लेसाठीचा प्रोग्राम. फार मोलाचं काम करतो. अडचण अशी की काही ब्रेल डिस्प्लेंच्या आतही हीच सीएच३४० बसवलेली असते आणि ते डिस्प्लेही दाखल्यावर १ए८६:७५२३ च सांगतात. त्यामुळे त्या प्रोग्रामच्या यूडेव्ह नियमांत हा आकडा लिहिलेला. आकडा दिसला की तो धावत येतो, आणि कर्नेलच्या परवानगीनंच बसलेल्या ड्रायव्हरला उठवून इंटरफेस स्वतःकडे घेतो. एका फडात एकच टोळी, हा नियम कर्नेल पाळतो. म्हणून सीएच३४१ गेला आणि पोर्टही गेलं. यात चूक ना त्या प्रोग्रामची, ना ड्रायव्हरची. शंभर वेगवेगळ्या वस्तूंवर एकच आधार नंबर छापला तर आणखी काय होणार?

त्या काट्यावर ब्रेल डिस्प्ले नव्हता, म्हणून ती सेवा काढून टाकली. केबल उपसून परत खोचली, डायरीत "जोडला" आलं आणि टिकलं. जिथे अंध सहकारी काम करतात तिथे असं करू नका. नियमांच्या फायलीत फक्त त्या आकड्याची ओळ बंद करा, बाकीचे डिस्प्ले चालू राहतात. तरी वजन येईना. ते आणखी क्षुल्लक कारण निघालं: मामांचं लॉगिन 'डायलआउट' गटात नव्हतं, त्यामुळे पोर्ट वाचायची परवानगी नव्हती. पुष्कळ जण अशा वेळी फाइलची परवानगीच सगळ्यांना खुली करून मोकळे होतात. केबल पुन्हा खोचली की ती परवानगी पुसली जाते आणि रात्री फोन येतो. गटात घाला, एकदा लॉगआउट करा, झालं.

पहाटे तीनला रांग हलली. मामांनी चहा पाजला. तोवर केबलला माझ्याकडून पाचपैकी साडेचार.

आता तो अर्धा आणि वर आणखी एक गुण कसा गेला ते.

जानेवारीत त्यांनी दुसऱ्या काट्याचीही वायर त्याच केबिनमध्ये आणली. भरलेल्या गाडीचा काटा एका बाजूला, रिकाम्या गाडीचा दुसऱ्या बाजूला, मधे एक संगणक. मी हौसेनं दुसरी निळी केबल लावली. भरलेला काटा यूएसबी-शून्य, रिकामा काटा यूएसबी-एक. आठवडाभर सुरळीत. मग एका दुपारी लाइट गेली, यूपीएसची बॅटरी तोवर म्हातारी झालेली, संगणक बंद पडून परत उठला. अर्ध्या तासानं एका शेतकऱ्याच्या पावतीवर निव्वळ वजनाच्या आधी उणे चिन्ह आलं.

कर्नेल शून्य आणि एक हे नंबर कुणाच्या नावानं राखून ठेवत नाही. ज्याचा प्रोब आधी होईल त्याला मोकळा असलेला लहान आकडा. त्या दिवशी दुसरी केबल आधी जागी झाली. प्रोग्राम भरलेलं वजन म्हणून रिकाम्या काट्यावरचं घेत होता आणि रिकामं म्हणून भरलेल्यावरचं.

आमच्या भागात साखर कारखान्याच्या काट्यावर उभं राहून "वजन चुकलं" म्हणणं म्हणजे काय, ते इथल्या माणसाला सांगायला नको. काटामारी हा शब्द मी पोचायच्या आत चारदा उच्चारून झाला होता. बरं झालं उणे आलं. दोन्हीकडे भरलेल्याच गाड्या उभ्या असत्या तर चूक कुणाच्या नजरेलाही आली नसती. कारखान्यानं त्या अर्ध्या तासातल्या सगळ्या गाड्या रजिस्टरवरून शोधल्या, ज्या आवारात होत्या त्या परत काट्यावर घेतल्या, आणि मी सगळ्यांसमोर सांगितलं की केबलचे नंबर बदलले, चूक माझी. अण्णा घरी एवढंच म्हणाले, "काट्यावर मुद्रांकनाचा शिक्का का मारतात? हा काटा तोच हे कळावं म्हणून. तुझ्या केबलींवर काय शिक्का होता?"

काहीच नव्हता, हेच या केबलचं खरं उणं. यूएसबीच्या दाखल्यात कंपनी आणि माल यांच्याशिवाय अनुक्रमांकाचीही जागा असते, पण तो देणं सक्तीचं नाही, आणि या सीएच३४० मध्ये तो नाही. दोन केबली कर्नेलच्या लेखी जुळ्या. लिनक्समध्ये सिरियल पोर्टांसाठी 'बाय-आयडी' नावाचं फोल्डर असतं, जिथे नंबराऐवजी नावानं पोर्ट सापडतं. या दोघींचं नाव तिथे एकच येतं आणि एक दुसरीला झाकते. म्हणजे ती वाट बंद. उरते 'बाय-पाथ', जिथे संगणकाच्या कोणत्या भोकात खोचली आहे त्यावरून नाव ठरतं. मी तेच केलं आणि भोकांवर मार्करनं 'भरलेला' आणि 'रिकामा' लिहिलं. झाडलोट करताना कुणी केबल दुसऱ्याच भोकात घातली तर प्रोग्राम पोर्ट सापडत नाही म्हणून ओरडतो. ओरडू दे. चुकीचं वजन देण्यापेक्षा गप्प बसलेला काटा परवडला. फक्त दोघींची अदलाबदल केली तर पुन्हा तेच होईल, म्हणून दोन्हींच्या माना पट्टीनं जागेवर बांधूनही टाकल्या.

पुढच्या हंगामाला मात्र त्या जागी एफटीडीआय चिपच्या दोन केबली बसवल्या. प्रत्येकी हजाराच्या वर. त्यांचा आकडा ०४०३:६००१, आणि अस्सल असेल तर प्रत्येकीचा अनुक्रमांक वेगळा. यूडेव्हच्या दोन ओळींत अनुक्रमांकावरून 'भरलेला' आणि 'रिकामा' अशी कायमची नावं दिली. आता कुठल्याही भोकात घाला. त्या केबलीही निर्दोष नाहीत. डेटा साठवून १६ मिलिसेकंदांनी एकदम पाठवायची त्यांची मूळ सवय आहे, जी सिस फोल्डरातल्या एका फाइलमध्ये आकडा लिहून बदलता येते. काट्याला त्यानं काही फरक पडत नाही, लेथ किंवा मोटर चालवणाऱ्यांना पडतो.

आणि "अस्सल असेल तर" हे मी मुद्दाम लिहिलं. एफटीडीआयच्या नकला एवढ्या झाल्या की २०१४ मध्ये कंपनीच्या नव्या विंडोज ड्रायव्हरनं नकली चिप ओळखून तिच्या दाखल्यावरचा मालाचा आकडाच शून्य करून टाकायला सुरुवात केली. तो आकडा चिपच्या कायमच्या मेमरीत, त्यामुळे ती केबल नंतर कोणत्याच संगणकाला ओळखू येईना. ज्याला दुकानदारानं नकली माल अस्सल सांगून विकला त्या गरिबाची यात काय चूक? लिनक्सवाल्यांनी उत्तर म्हणून आपल्या ड्रायव्हरच्या यादीत तो शून्यही लिहून टाकला. चला, नाव पुसलं असेल तरी कामाला या. मला हे कळलं तेव्हा हसू आलं आणि बरंही वाटलं.

यादीत नसलेल्या आकड्याचा प्रसंग माझ्यावरही आला. एका नव्या इंडिकेटरला थेट यूएसबी होतं, आत एफटीडीआयच, पण बनवणाऱ्यानं स्वतःचा आकडा लावलेला. लिनक्सनं उपकरण नोंदवलं, पण एकही ड्रायव्हर पुढे येईना. अशा वेळी नवा ड्रायव्हर शोधत बसू नका. सिस फोल्डरात त्या ड्रायव्हरच्या खणात 'न्यू-आयडी' नावाची फाइल असते. रूट, म्हणजे संगणकाचा सर्वाधिकारी, होऊन तिच्यात दोन आकडे लिहिले की चालू कर्नेलला तेवढ्यावर पटतं, तिथल्या तिथे प्रोब होतो आणि पोर्ट उभं राहतं. संगणक बंद केला की तो विसरतो, म्हणून तीच ओळ यूडेव्हच्या नियमात घालावी लागते. आत चिप कुठली आहे याची खात्री असेल तरच हे करा. परक्या टोळीला परक्या फडात घातल्यासारखं आहे. प्रोबची तेवढ्यापुरती फसगत होऊ शकते.

तर निळ्या केबलला पाचपैकी तीन. शिकणाऱ्यांना, घरी आर्डुइनो बोर्डांशी खेळणाऱ्यांना, एका काट्याच्या गूळवाल्याला, भुसार दुकानदाराला हीच सांगीन. विंडोजवर ड्रायव्हर लागला तर चिप बनवणाऱ्यांच्या साइटवरूनच घ्या, सोबत येणारी छोटी सीडी फेकून द्या. लिनक्सवर काहीच टाकावं लागत नाही. माझी पहिली केबल उसाची धूळ, मळी आणि उंदीर सोसून दोन हंगाम चालली, आता वायर मानेजवळ कडक झाली आहे.

घेताना मात्र वेष्टनावर जाऊ नका. या दिवाळीत त्याच दुकानातून आणखी चार आणल्या. दुकानदार म्हणाला, "ताई, सगळ्या सेम टू सेम." मी लॅपटॉप सोबत नेला होता, काउंटरवरच एकेक खोचून बघितली. तिघी १ए८६:७५२३. चौथी, तीच निळी टोपी, तेच पाकीट, आणि दाखल्यावर ०६७बी:२३०३. म्हणजे चिपच दुसऱ्या कंपनीची, ड्रायव्हर दुसरा, आणि त्या चिपच्या जुन्या आवृत्त्यांना विंडोजचा नवा ड्रायव्हर उभाही करत नाही. दुकानदाराला दाखवलं तर त्यानं चष्मा वर करून स्क्रीनकडे बघितलं, मग टोपीतून आत बघितलं, आणि म्हणाला, "चालती ना पण?" लिनक्सवर चालत होती. दीडशेला दिली. मी घेतली, आणि मार्करनं तिच्यावर आकडा लिहून वेगळ्या डब्यात ठेवली आहे.